पाण्यातलं माप

"मग आता माझ्या एकट्याच्या सहीवर मशीन का चालू नये, सर?"

पेंडुरकर सर पाण्याच्या टाकीकडे बघत होते.

कॅन्सरच्या माणसाला किरणं द्यायची तर आधी ती या टाकीत सोडून बघतात. माणसाचं अंग बरंचसं पाण्याचंच. पाण्यात किती मुरली ते ‘ग्रे’ या मापात मोजलं, की अंगात किती मुरतील ते कळतं. हे मोजायचं काम त्यांचा शिष्य सुयोग दळवी याचं.

"दोन ग्रे मागितले, दोन ग्रेच मुरले. केसाचा फरक नाही."

पोरगं हुशार, यात वाद नाही. पण आकडा बरोबर आला की शिकलेल्या माणसाला दुसरं काही दिसत नाही. नाही म्हणजे नाही.

"सही देतो," सर म्हणाले. "आधी आजचा पेशंट बघू."

आत टेबलावर हरेश्वर तांडेल झोपले होते. खाडीवरचे मच्छीमार, घशाचा कॅन्सर. तोंडावर प्लॅस्टिकच्या जाळीचा मुखवटा, टेबलाला खटक्यांनी अडकवलेला. पहिल्या दिवशी त्यांच्याच भरल्या चेहऱ्यावर गरम गरम दाबून केलेला. डोकं हललं तर किरणं गाठ सोडून मागच्या मज्जारज्जूत घुसतात, आणि तो जळला की हातपाय गेलेच. म्हणून मुखवटा.

"कसं वाटतं, मामा?" सुयोगनं विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं. ते सरांना ऐकवायचं होतं.

"बेस हाय, साहेब. पयले लई आवळायचा, जीव घाबरा व्हायचा. आता तुमच्या हाताला गुण आला. काय जाणवतच नाय."

सुयोग हसला. "पहिल्या आठवड्यात रडले होते, सर. आता सवय झाली."

सर टेबलाजवळ गेले.

"जेवलात काय?"

"घसा सोललाय, साहेब. घोटभर पेज घेतो. तीबी उतरत नाय."

सरांनी मुखवट्याला हात लावला नाही. ते कानाशी वाकले.

"हरेश्वरदादा, जरा सुयोग साहेबांकडे बघा बरं."

मुखवटा जागचा हलला नाही.

आतला माणूस वळला.

मुखवट्याच्या नाकाखाली आता तांडेलांचा गाल होता. खप्पड, पांढरा पडलेला. जाळीतून दोन डोळे सुयोगकडे बघत राहिले. भाबडे, हसरे.

काल... परवा... त्याच्या आधी... रोज सुयोगनंच मान डोलावली होती, तेव्हा कुठे मशीन सुरू झालं होतं. आणि तो म्हातारा रोज त्याला दुवा देत घरी गेला होता.

"हललो, साहेब," आतून आवाज आला. "चुकलं काय माझं?"

सरांनी एकेक खटका सोडला. मुखवटा उचलून सुयोगच्या हातात दिला. तो वजनाला काहीच नव्हता, तरी सुयोगला पेलवेना.

"आज मशीन बंद. माप परत पहिल्यापासून."

"पण सर..." सुयोगचा आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "पाण्यात तर... पाण्यात बरोबर आलं होतं."

सर तांडेलांच्या पाठीखाली हात घालून त्यांना हळूच उठवत होते. मागे न बघताच म्हणाले,

"पाण्याला उपास पडत नाहीत, सुयोग."