राजाचा कळप

एका राज्यात, जिथे पक्ष्यांना माणसांची बोली येई आणि त्याचे कोणालाच नवल वाटत नसे, सगुणा नावाची बाई अंगण सारवीत होती. हिवाळा ऐन भरात होता. ऊन कोवळे, शेणकाला गार, बोटे बधिर. अर्धे अंगण झाले होते, अर्धे राहिले होते, इतक्यात एक टिटवी उतरली ती नेमकी ओल्या सारवणावर.

"अगं, पाय बघ," सगुणा म्हणाली.

"पाय आहेतच मला. बातमीही आहे. आधी काय हवं?"

"आधी कडेला हो."

टिटवी कडेला झाली. मान तिरकी करून म्हणाली, "गेल्या हिवाळ्यात शिकारीला गेलेला तुमचा राजा मेलेला नाही. लांडगा झालाय. त्याचे मानकरीही लांडगे झालेत."

सगुणाचा हात जमिनीवर तसाच राहिला. त्या शिकारीतून फक्त घोडे परत आले होते, तेही रिकाम्या पाठीने. तिचा थोरला भाऊ भैरू राजाबरोबर गेला होता. वर्षभर तिने त्याला गेलेलाच धरले होते.

"माझा दादा आहे का त्यांच्यात?"

"कातड्यात सगळे सारखेच दिसतात. मोजायला गेले होते, पण मला चारपर्यंतच येतं. चार अंडी घालते, पुढचं शिकायची वेळच आली नाही. चारांहून जास्त आहेत, एवढं खरं."

सगुणाने हात धुतले. टिटवीपुढे मूठभर बाजरी टाकली आणि तिचे आभार मानले. मग घोंगडी घेऊन ती राजवाड्याकडे निघाली.

सगुणाचे घर हाळकऱ्यांचे. लांडग्यांना हाळी घालायची, त्यांचे उत्तर ऐकायचे आणि कळप कुठे आहे ते मेंढपाळांना सांगायचे, म्हणजे ते मेंढरे दुसरीकडे नेतील, हे त्या घराचे काम. त्याला माणसे दोन लागत. एकाने या टेकडीवर उभे राहायचे, दुसऱ्याने समोरच्या. उत्तर जिकडून येईल तिकडे तोंड करून प्रत्येकाने जमिनीवर काठी आडवी ठेवायची. दोन काठ्यांच्या रेघा मनात लांबवायच्या. त्या जिथे मिळतील तिथे कळप. वडिलांच्या मागे सगुणा आणि भैरू हे काम करीत. गेल्या हिवाळ्यात सगुणा तापाने पडली होती म्हणून भैरू एकटा गेला.

राजवाड्यात प्रधानाने सारे ऐकून घेतले आणि सैन्य देऊ केले.

"सैन्य नको," सगुणा म्हणाली. "दुसऱ्या टेकडीवर उभा राहायला एक माणूस द्या."

कोणी पुढे येईना. मग कोंडाजी भालदार काठी टेकत पुढे आला. राजा दरबारात येण्याआधी त्याच्या नावाची ललकारी द्यायची, हे त्याचे काम. गुडघे दुखत होते म्हणून तो शिकारीतून वाचला होता.

"मी येतो," तो म्हणाला. "राजाच नाही, तर ललकारी कुणाची देऊ? वर्षभर नुसता जेवतोय."

राजा शिकारीला गेला होता त्या माळाकडे दोघे निघाले. टिटवी वर उडत होती आणि कोंडाजीच्या चालीला नावे ठेवत होती.

माळाच्या तोंडाशी एक जोगीण बसली होती. मेंढपाळ लोकर पिंजतात तशी ती धुके पिंजत होती. पिंजलेले धुके तिच्या हातातून सुटून माळावर पसरे.

सगुणाने वाकून नमस्कार केला. "माझा भाऊ आणि राजा यांना न्यायला आले आहे."

"तुमच्या राजाला सिंहासनावर पांढरं कातडं हवं होतं," जोगीण म्हणाली. "कळप नुसता पाहायचा आहे असं सांगून त्याने भैरूला हाळी घालायला लावली. पांढरी लांडगी उत्तर देत पुढे आली, आणि राजाने बाण सोडला. हाळीला ओ देणाऱ्यावर शस्त्र धरायचं नाही, हा नियम तुझ्याच घराचा ना? म्हणून मी त्यांना म्हटलं, आता तुम्हीच कातड्यात फिरा आणि हाळीला भीत राहा."

"ते सुटतील कसे?"

"तीन कामं आहेत. त्यांना शोध. त्यांना बोलाव. आणि जवळ आले की त्यांच्याकडे पाठ करून नि:शस्त्र बस, आणि नावानं हाक मार. यंदा पळसाला पहिलं फूल येईल त्या दिवशी ते आपली नावं विसरतील. मग मलाही काही करता येणार नाही."

शेजारीच पळस होता. त्याच्या कळ्या काळ्या मखमलीसारख्या फुगल्या होत्या.

कोंडाजीने कमरेची तलवार सोडून जोगिणीपुढे ठेवली. "सांभाळा. वडिलांची आहे."

"गंजली आहे."

"म्हणून तर म्हणतो, सांभाळा."

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताना सगुणा एका टेकडीवर उभी राहिली आणि कोंडाजी समोरच्या. त्याने तोंड उघडायचे नाही, नुसते ऐकायचे आणि काठी ठेवायची, असे ठरले होते. सगुणाने तोंडाशी ओंजळ धरली. आवाज आधी खोल सोडला, मग हळूहळू चढवला, वर गेल्यावर थोडा थरथरू दिला आणि सोडून दिला.

माळ गप्प राहिला. मग उत्तरेकडून ओ आली. तळ्याच्या काठून दुसरी आली. करवंदीच्या जाळीकडून तिसरी. तीन कळप, आणि आवाज सारे एकाच जातीचे. राजाचा कळप कोणता, हे तिला ओळखता येईना. असे कधी ओळखावेच लागले नव्हते.

तेवढ्यात सूर्य वर आला. दरबार सूर्योदयालाच भरे, म्हणून उगवत्या सूर्याबरोबर ललकारी द्यायची कोंडाजीला आयुष्यभराची सवय. त्याचा गळा आपोआप मोकळा झाला.

"सावध व्हा हो! मणिध्वज महाराज आसनी येत आहेत!"

सगुणाने कपाळावर हात मारला. सकाळ फुकट गेली, असे तिला वाटले. उत्तरेचा कळप तसाच ओरडत दूर पळाला. तळ्याकाठचाही पळाला. पण करवंदीकडचा आवाज मधेच थांबला. पळाला नाही, विरला नाही. तिथल्या तिथे बंद झाला.

टिटवी धापा टाकत आली. "कोंडाजीकाका म्हणतात, चूक झाली. मेल्यावरही ही सवय जायची नाही म्हणतात."

"त्यांना विचार, दरबारात ललकारी झाली की पुढे काय होतं?"

टिटवी गेली आणि आली. "कोणी खोकत नाही म्हणे. एकदा सेनापतींनी शिंक गिळली, तर डोळ्यांतून पाणी आलं."

सगुणाला वर्षभरात पहिल्यांदा हसू आले. तिने काठी त्या गप्प झालेल्या जागेकडे वळवली आणि टिटवीकरवी कोंडाजीलाही तसेच करायला सांगितले. दोन्ही रेघा करवंदीच्या दाट जाळीत मिळाल्या. पहिले काम झाले.

दुपारी दोघे जाळीसमोर पोचले. सगुणाने हाळी घातली. ओ आली नाही. टिटवी वरून घिरटी घालून आली.

"आहेत. कान उभे करून बसलेत. सगळे एकाकडेच बघतायत."

"महाराज बोलल्याशिवाय बाकीचे कसे बोलतील?" कोंडाजी म्हणाला.

"आणि महाराज?"

"मान खाली घालून बसलाय," टिटवी म्हणाली.

सगुणाने पुन्हा हाळी घातली. जाळीतले एक पान हलले नाही. सावल्या लांबत चालल्या.

"मी ललकारी देऊ? हुकूम म्हणून येतील," कोंडाजीने विचारले.

"नको, काका. सकाळी लांबून ओ दिली, पण इतक्या जवळच्या हाळीच्या मागून काय येतं ते त्यांनी स्वतःच पाहिलंय. मीही भ्याले असते."

ती थोडा वेळ बसून राहिली. मग उठून तिसरी हाळी घातली. ही निराळी होती. कळप सापडला की हाळकरी जाताना लांडग्यांना सांगत, की आम्ही निघालो, तुम्ही सुखात राहा. तिला चढ नसे. ती खालच्याच आवाजात जाई आणि खालीच संपे. बाण सुटला त्या दिवशी ही हाळी घालायची राहून गेली होती. सगुणाने ती त्या पांढऱ्या लांडगीसाठी घातली, आणि जाळीतल्यांसाठीही. नुसती घातली नाही. घोंगडी उचलून ती खरोखरच वळली.

तेव्हा मागून ओ आली. आवाज घोगरा होता. त्याच्या पाठोपाठ दुसरा, मग तिसरा, एकामागून एक.

"पहिले महाराज, दुसरे सेनापती," कोंडाजी डोळे पुसत म्हणाला. "तिसरे खजिनदार. कातड्यातसुद्धा पायरी सोडत नाहीत."

"खाली बसा, काका. पाठ तिकडे करा."

दोघे जमिनीवर बसले. सुकल्या गवतात पावले वाजली. सगुणाच्या मानेवर ऊन श्वास आला.

"बाई," कोंडाजी हळूच म्हणाला, "माझ्या कानात कोणीतरी नाक घातलंय."

"घालू द्या."

"ओलं आहे हो."

"काका, नावं घ्या."

कोंडाजीने बसल्या जागीच आवाज लावला. राजाचे नाव घेतले, सेनापतीचे घेतले, दरबारातल्या पायरीने एकेकाचे घेतले. प्रत्येक नावासरशी मागे एक कातडे गळून पडल्याचा मऊ आवाज होई आणि एखादा माणूस थंडीने हुडहुडी भरल्यासारखा श्वास घेई. टिटवी वरून मोजत होती.

"एकदा चार झाले," ती म्हणाली. आणि मग, "दुसऱ्यांदा चार झाले."

कोंडाजी थांबला. त्याची नावे संपली होती. हाळकऱ्याला दरबारात जागा नव्हती, म्हणून ललकारीत नावही नव्हते. त्याने सगुणाकडे पाहिले.

"भैरूदादा," सगुणाने हाक मारली.

गवत वाजले नाही. ती वळली. राजा आणि त्याचे मानकरी कातड्यांच्या ढिगापाशी उघड्या अंगाने उभे होते. लांडगा एकही राहिला नव्हता.

मणिध्वज राजा पुढे आला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला. राजा जमिनीवर बसलेला कोंडाजीने कधी पाहिला नव्हता. त्याने तोंड फिरवले.

"भैरू या थंडीच्या पहिल्या दंवात गेला," राजा म्हणाला. "वयानं थकला होता. वारा येई त्या बाजूला तो निजायचा, आम्हाला आत घ्यायचा. त्याला आत घ्यायला आम्ही शिकलो, पण उशिरा शिकलो."

सगुणाने घोंगडी छातीशी धरली.

"तुला एक सांगायला हवं, बाई. जोगिणीने त्याला सोडून दिलं होतं. तुझा हात बाणाला लागला नाही, घरी जा, म्हणाली. तो चार पावलं गेला आणि परत फिरला. म्हणाला, यांना साधं पाणी प्यायला जमायचं नाही, मेंढरांच्या वाड्यात शिरतील आणि कुत्र्यांकडून मरतील. आणि स्वतःहून कातड्यात आला."

"त्याने आम्हाला नाक शेपटीखाली घेऊन झोपायला शिकवलं," सेनापती म्हणाला. "मला तीनदा चावलाही. माझी चूक होती."

"रोज तिन्हीसांजेला तो आमच्याभोवती फिरायचा," राजा म्हणाला, "आणि एकेकाच्या तोंडाशी तोंड लावायचा. त्यात आम्हाला आमची नावं ऐकू यायची. तो गेल्यावर आम्हीच ती एकमेकांना सांगत राहिलो."

"जाताना तो एकटा होता?"

"नव्हता. आम्ही सगळे त्याला चिकटून होतो. सकाळपर्यंत उठलो नाही."

सगुणाने हात जोडले. राजाला वाटले, ती माफी मागते आहे की काय, आणि तो गडबडला. पण ती म्हणाली, "त्याला ऊब दिलीत. तुमचे उपकार झाले." मग तिने घोंगडी काढून राजाच्या खांद्यावर टाकली, कारण त्याचे दात वाजत होते.

परतीच्या वाटेवर तिने जोगिणीलाही नमस्कार केला. जोगिणीने धुके बाजूला सारून वाट मोकळी केली आणि कोंडाजीची तलवार परत दिली. गंज तसाच होता.

राज्य पुन्हा मार्गी लागले. हाळीला ओ देणाऱ्यावर कोणी शस्त्र धरू नये, अशी दवंडी पिटली गेली आणि ती पाळलीही गेली. सिंहासनावर कातडे आले नाही. मानकरी बरेच दिवस बसण्यापूर्वी जागच्या जागी एक फेरी मारत आणि एकमेकांकडे पाहून ओशाळत. कोंडाजीची ललकारी आता भैरूच्या नावावर संपते. ते नाव ऐकून दरबार जो गप्प होतो, तो राजा खूण करीपर्यंत गप्प राहतो. सगुणा अधूनमधून जाऊन मागे उभी राहते आणि ऐकते. ऐकून घरी येते आणि त्या दिवशी तिला जेवण गोड लागते.

राजाने तिला निघताना सांगितले होते, की भैरूला जाळीपलीकडच्या अंजनाच्या झाडाखाली पाल्याने झाकले आहे, आणि वाट दाखवायला तो स्वतः येईल. ऊन वाढले की जाऊ, असे ती म्हणाली होती. पळस फुलून गेला, ऊन वाढले, पाऊसही येऊन गेला.

त्या झाडापाशी ती अजून गेलेली नाही.