भट्टीवरचे फेटे

एका गावात एक शेठ होता, रतनशेठ. चुरमुऱ्यांची भट्टी होती त्याची. पोट मोठं, हात आखडता.

त्या राज्याचा कायदा असा, की दिवेलागणीनंतर मजूर थांबवला तर त्याला दुप्पट मजुरी द्यायची. मुकादमाला मात्र ती नाही. कारण तो हुकूम सोडतो, हातानं राबत नाही.

जत्रा जवळ आली. शेठनं काय करावं? भट्टीवरच्या सगळ्यांच्या डोक्यांना लाल फेटे बांधले. बायांच्यासुद्धा! "आजपासून तुम्ही सगळे मुकादम," म्हणाला आणि एकेक पेढा हातावर ठेवला. लोक खूष. फेटे घालून गल्लीत मिरवले, वेडे कुठले! काम तेच राहिलं, तापलेली वाळू तीच. दुप्पट मजुरी तेवढी गेली.

रात्र झाली तरी भट्टी विझेचना. म्हातारा गोंदा कढईपाशी उभ्या उभ्या पेंगायला लागला. तोल गेला तर सरळ तापल्या वाळूत. शेजारी धुरपदा चुरमुरे चाळायची. तिचं निम्मं लक्ष त्याच्याकडेच.

"शेठ, मामांना घरी जाऊ द्या. पडतील ते."

"मुकादम कधी दमतो का गं?" शेठ हसला.

एका संध्याकाळी, दिवे लागल्यावर, राजाचा तपासनीस दारात उभा राहिला.

"इथं मजूर कोण कोण?"

"मजूर नाहीतच, सरकार. सगळे मुकादम."

तपासनीस धुरपदाकडे वळला. "काय बाई, तूसुद्धा?"

शेठचे डोळे तिच्यावर रोखलेले. खरं सांगावं तर उद्या घरची चूल पेटायची नाही.

तेवढ्यात गोंदाच्या हातातला झारा सुटून वाळूत पडला. पाठोपाठ तोही झुकला. धुरपदानं चाळण टाकली, दंड धरून त्याला मागं खेचलं.

"होय, मी मुकादम," ती म्हणाली. "आणि हा माझा हुकूम. गोंदामामा, घरी जा. झोपा."

शेठ कडाडला, "तू कोण गं त्याला घरी धाडणारी? इथं माझ्या हुकुमाशिवाय खराटासुद्धा हलत नाही!"

बोलला आणि जीभ चावली. उशीर झाला होता.

"म्हणजे मुकादम तुम्ही एकटेच," तपासनीस म्हणाला. "बाकी सगळे मजूर. बुडवलेली मजुरी आत्ता, माझ्यासमोर द्या."

शेठनं दिली. घाम पुसत दिली, पण दिली.

धुरपदानं डोक्यावरचा फेटा सोडला, हाताला गुंडाळला आणि वाळूतला तापलेला झारा बाहेर काढला.

"आज पहिल्यांदा कामाला आला बघ हा फेटा," गोंदा म्हणाला आणि घरी गेला.

तात्पर्य: नुसतं मोठं पद देऊन कुणाचा घाम फुकट लाटू नये, आणि पद घेणाऱ्यानं मिरवण्याआधी विचारावं, माझा हुकूम इथं चालतो का?