खुंटीवरची जर्सी

एकदा एका खो-खो खेळणाऱ्या मुलीला आपल्या गुडघ्याची वाटी जागेवर सापडली नाही. खांबाजवळ झेप घेताना दोर तुटावा तसा आवाज झाला होता, पण वेदना म्हणावी तेवढी नव्हती. सवयीने तिने गुडघ्यावर हात ठेवला, तर जिथे वाटी असायची तिथे बोट आत गेले. वाटी वर, मांडीच्या बाजूला सरकून बसली होती. तिला वाटले, आपला स्वभावच भित्रा, उगाच काहीतरी चाचपतो आहोत. म्हणून तिने पाय सरळ करून पाहिला. पाय तिचे ऐकेना.

वाटीखालची कंडरा, म्हणजे मांडीचे बळ नडगीपर्यंत पोहोचवणारी दोरी, पार तुटली होती. शहरातल्या डॉक्टरांनी हाडाला बारीक भोके पाडून ती जाड धाग्याने पुन्हा बांधली आणि पाय लांब पट्ट्यात सरळ जखडून टाकला. त्यांनी काही लपवले नाही. शस्त्रक्रिया वेळेत झाली आहे, चालशील, जिनेही चढशील, असे ते म्हणाले. मांडी मात्र बराच काळ बारीक राहील, कदाचित कायमची. आणि खेळ? काहीजण पुन्हा झेपावतात, काहींना ते जमत नाही, एवढे बोलून ते पुढच्या खाटेकडे वळले.

तिचे गुरू गावातच राहत. मैदानाच्या मातीत ज्यांचे केस पांढरे झाले, अशा त्या वृद्धाला लहानथोर सगळे आप्पा म्हणत. आप्पा संघातली आपली जागा राखतील, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. त्या एका विश्वासावर ती खाटेवर पडून होती.

आप्पा घरी आले. चहा घेतला, पट्ट्यातल्या पायाकडे बराच वेळ पाहिले. मग उठून त्यांनी खुंटीवरची तिची जर्सी काढली, नीट घडी घातली आणि काखेत धरली. धुवायला नेता की काय, असे आईने हसून विचारले. हर्षदाला देतो, आप्पा म्हणाले. हर्षदा समोरच्याच घरातली, आजवर राखीव म्हणून बाहेर बसणारी मुलगी.

आईचे हसू मावळले. "आप्पा, माझी पोर अजून जिती आहे. तेराव्याच्या आधीच कपडे वाटायला निघालात?"

आप्पांनी मान खाली घातली, पण जर्सी ठेवली नाही.

त्या दिवसापासून मुलीच्या मनाला जणू ग्रहण लागले. कुकरची शिट्टी झाली तरी ती पंचांची शिट्टी समजून दचके. पट्टा थोडा सैल झाला, पाय ठरावीक मापापर्यंत वाकवायची मुभा मिळाली, पण पायात जीव म्हणून नव्हता. मांडीवर तळवा ठेवून ती स्नायू आवळायला जाई आणि तळव्याखाली ओल्या पिठासारखे काहीतरी निपचित पडून राही. दोन्ही मांड्या शेजारी ठेवून पाहिल्या की एक तिची वाटे, दुसरी एखाद्या म्हातारीची. कुणासाठी मेहनत करायची, असे ती आईला विचारी.

एके दिवशी आप्पा पुन्हा आले. तिने भिंतीकडे तोंड केले. आप्पा खाटेच्या पायथ्याशी बसले आणि हलक्या आवाजात बोलू लागले.

"बाळ, राखून ठेवलेली जागा माणसाला स्वस्थ बसू देत नाही. जर्सी तिथं असती, तर रोज उठून तू आधी तिच्याकडं पाहिलं असतंस आणि मग पायाला घाई केली असतीस. धाग्यानं दोरी धरली आहे, पण हाडानं ती धरायला वेळ लागतो, आणि हाडाला स्पर्धेची तारीख कळत नाही. तू परत खेळशील का, मला ठाऊक नाही. खोटा धीर देणार नाही. पण आपल्या खेळात बसलेल्यानं आपण होऊन उठायचं नसतं. मागून कुणी खो दिला, की मगच. आज तू बसलेली आहेस."

"आणि खो द्यायला कुणी आलंच नाही तर?" ती भिंतीशीच बोलली.

"मग हाक मार. बसलेल्यानं तोंड मिटून बसावं, असं नियमात कुठं आहे?"

तिला ते पटले नाही. म्हाताऱ्याला बोलायला काय जाते, असेही मनात आले. पुढे स्पर्धा जवळ आली, आणि एका दुपारी तिने खिडकीतून हर्षदाला ती जर्सी घालून सरावाहून परत येताना पाहिले. खांद्यावर ती किंचित सैल होत होती.

आई गिरणीवर दळण आणायला गेली होती. मुलीने पट्टा सोडला. नुसते बसून पाहायचे, इतकेच तिच्या मनात होते. खाटेला धरून ती सावकाश खाली गेली आणि मैदानावर बसतात तशी उकिडवी, हात भुईला टेकवून, टाच उचलून बसली. क्षणभर सगळे जुने अंगात परत आले. मग गुडघ्यात काहीतरी ताणले गेले, आणि मांडीने वर उचलायचे नाकारले.

तिला उठता येईना, आडवेही होता येईना. हललो तर दोरी पुन्हा तुटेल, या भीतीने ती तशीच अडकून राहिली. ती तुटलीच तर नाही ना? गुडघा सुजला होता, बोटांना काही कळेना. तिने आईला हाक मारली, आप्पांना मारली, शेजारच्या काकूंना मारली. दुपारची गल्ली गप्प होती. समोरच्या घरातून मात्र भांडी घासल्याचा आवाज येत होता.

ते नाव घशापर्यंत येई आणि मागे फिरे. जागा घेतली ती घेतलीच, आता आपली ही दशाही तिने पाहायची? पण घाम डोळ्यांत उतरू लागला, तळवे सरकू लागले, आणि त्या अवस्थेत तिला एक साधी गोष्ट दिसली. पाय हर्षदाने तोडला नव्हता. जागाही तिने मागितली नव्हती. रिकाम्या जागेवर कुणीतरी बसायचेच होते. आपण मात्र इतके दिवस तिथे दुसऱ्या कुणाचे असणेच नाकारत आलो.

"हर्षदा," ती म्हणाली. आवाज उंबऱ्यापलीकडेही गेला नाही. तिने श्वास भरून पुन्हा हाक दिली.

भांड्यांचा आवाज थांबला.

"आले गं. हलू नकोस, आले मी."