ओदिलच्या पायांची माती

फार फार वर्षं झाली, बरं का. फ्रान्स देशात एका टेकडीच्या पायथ्याशी मोठी गढी होती. तिकडे तिला शातो म्हणतात, आपण गढीच म्हणू. भोवती नजर पोचेल तिथवर गढीच्या मालकाच्या द्राक्षबागा, आणि त्याच्या वाईनचं नाव लांबलांबच्या शहरांत. या सगळ्याच्या डोक्यावर, उभ्या चढावर, ओदिल नावाच्या विधवेची चार ओळींची बाग. एवढीशीच! पण तिची द्राक्षं इतकी गोड, की मधमाश्या गढीची बाग ओलांडून वर जायच्या, असं म्हणतात. मालकाला हेच सलायचं.

एका वर्षी द्राक्षं उतरवून झाली आणि पावसाने जो धिंगाणा घातला, काही विचारू नका. टेकडीवरची माती सरसर वाहून खाली मालकाच्या शेतात येऊन बसली. वर उरला नुसता खडक आणि उघड्या मुळांचे वेल. मातीवाचून ते उन्हाळा बघणार नव्हते. तिकडची रीतच होती, की वाहून गेलेली माती हिवाळ्यात पाठीवरच्या टोपलीतून परत वर न्यायची. ओदिल टोपली घेऊन खाली आली, तर मालक बांधावर उभा.

"माझ्या शेतात पडली ती माती माझी," तो म्हणाला. "एक टोपली इथून हलणार नाही. बाग विकून टाक मला. खडक घेऊन काय करणार आहेस, बाई?"

बाग विकायची कशी? ते वेल तिच्या आजीने लावलेले होते. पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती. तिने टोपली तिथेच टाकली आणि मालकाच्या शेतातून तरातरा वर निघाली. टेकडीची वाट त्या शेतातूनच जायची. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट ती, अडवायची छाती कुणाची नव्हती. वर जाऊन तिने लाकडी जोडे काढले आणि त्यांना लगडलेला चिखल वेलाच्या मुळाशी खरवडला. मग खाली आली. पुन्हा वर गेली.

मालक आठवडाभर हसला. मग त्याचं टाळकं सरकलं. "जोडे धुऊन जायचं!"

"वहिवाट माझी, चिखल तुमचा," ओदिल म्हणाली. "नको असेल तर शेत झाडून ठेवा, सरकार."

झालं! दुसऱ्या दिवशी तिच्यामागे गावच्या बायका निघाल्या, मग पुरुष निघाले, आणि पाद्रीबाबांनी तर झग्याचा घोळ मुद्दाम चिखलातून ओढत नेला. मालकाने सगळ्यांना जोडे काढायला लावले. ओदिल भर थंडीत अनवाणी निघाली.

"आता पायही काढून ठेवू का?" तिने विचारलं. आणि ती तशीच टेकडी चढली.

त्या दिवसापासून तिच्या एकेका पावलाला टोपलीभर माती चिकटायची, असं म्हणतात. थंडी सरेपर्यंत सगळा खडक झाकला गेला, आणि मालकाच्या शेतात एवढा खड्डा पडला की त्यात बदकं पोहायला लागली. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, ते तळं अजून आहे.

गढीचे मालक किती आले, किती गेले. ओदिलचे वेल मात्र वरच आहेत. त्या गावात आजही कुणाच्या दारात पायपुसणं नसतं. शेवटचा घड उतरला, की सगळं गाव चिखलाच्या जोड्यांनी टेकडी चढतं आणि ओदिलच्या पहिल्या वेलाशी जोडे खरवडतं. सगळ्यांच्या पुढे गढीचा मालक असतो. त्याने अनवाणी यायचं असतं.