खड्ड्यातला सूर

"ऐकूच जायचं नसेल, तर वाजवायचं कशाला, मास्तर?"

कौस्तुभ धारपचा आवाज चढला होता. मध्यंतर होतं. स्टेजमागच्या बोळात कॉफी पीत उभ्या असलेल्या जर्मन मंडळींपैकी दोघांनी वळून पाहिलं.

सिप्रियान मास्तर भिंतीला टेकून आपला क्लॅरिनेट पुसत राहिले.

जर्मनीहून ऑपेराची मंडळी मुंबईला आली होती. गाणारे त्यांचे, ऑर्केस्ट्रातले बरेचसे वादक इथले. स्टेजच्या पुढ्यात, प्रेक्षकांच्या पायांच्याही खाली, एक खड्डा होता. त्यात वादक बसायचे आणि समोर उभ्या जर्मन कंडक्टरच्या हातांच्या खुणांवर वाजवायचे. पहिला क्लॅरिनेट कौस्तुभचा. शेजारच्या खुर्चीत, दुसरा क्लॅरिनेट घेऊन, सिप्रियान फुर्तादो. कौस्तुभला हे वाद्य हातात धरायला शिकवलं ते यांनीच. शिष्याच्या हाताखाली वाजवण्याबद्दल ते कधी काही बोलले नव्हते.

"त्या बाईच्या गाण्याखाली माझा एवढा सुंदर तुकडा आहे. आणि तो कंडक्टर डावा हात दाबत राहतो... हळू, अजून हळू. काल आई-बाबा बाल्कनीत होते. आई विचारते, तू वाजवत होतास तरी का?"

"म्हणून आज जोरात वाजवलंस."

"हो. वाजवलं."

"तिचा आवाज फुटला."

"तिच्यात दम नाही, त्याला मी काय करू?"

मास्तर काही बोलणार, एवढ्यात कंडक्टर ताडताड चालत आला. उंच, घामेजलेला. तो कौस्तुभच्या तोंडासमोर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत म्हणाला, "तुम्हा लोकांना लग्नातच वाजवता येतं."



"लग्नात मी वाजवलंय, साहेब," मास्तर म्हणाले. "तिथे असं कोणी बोललं नाही."

कंडक्टर निघून गेला. मास्तरांचे कान लाल झाले होते. पुसायचं फडकं त्यांनी मुठीत आवळून धरलं होतं.

"बघितलंत?" कौस्तुभ म्हणाला. "आता शेवटच्या अंकात मी फुंकणारच नाही. बघू दे त्याला."

"तुझी मर्जी."

"तुम्हाला तुकडा पाठ आहे. वाजवा तुम्ही."

मास्तरांनी फडकं खिशात कोंबलं.

शेवटच्या अंकात तेच गाणं परत होतं. नवऱ्याला पहाटे फाशी होणार. ती बाई तुरुंगाच्या दाराशी गुडघे टेकते आणि गाते. बाकी सगळी वाद्यं थांबतात. तिच्याखाली एकटा क्लॅरिनेट.

जागा आली. कंडक्टरचा हात कौस्तुभकडे वळला.

कौस्तुभने क्लॅरिनेट मांडीवर ठेवला.

शेजारी मास्तरांनीही आपला क्लॅरिनेट मांडीवर ठेवला.

कौस्तुभने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मास्तर समोर बघत होते.

वर बाईने गायला सुरुवात केली. एकटीने. पहिली ओळ निभली. दुसरीत सूर डगमगला. ती पायाखालची जमीन शोधावी तशी खड्ड्याकडे बघू लागली. खुर्चीतून कौस्तुभला तिचा चेहरा दिसत होता. रंग फासलेल्या गालांवरून घाम ओघळत होता... कंडक्टरचा हात तसाच हवेत होता.

"मास्तर," कौस्तुभ पुटपुटला. "मास्तर, वाजवा ना!"

मास्तर हलले नाहीत.

तिसरी ओळ तिच्या घशात अडकली.

कौस्तुभने क्लॅरिनेट ओठांना लावला. राग तसाच होता. जेमतेम ऐकू येईल इतकाच सूर निघाला. पण तो तुटला नाही. बाईने डोळे मिटले आणि त्या सुरावर आपला आवाज ठेवला. मग तो आवाज चढत गेला, पार वरच्या मजल्यापर्यंत.

पडदा पडल्यावर टाळ्या थांबेनात. तिच्यासाठी. खड्ड्याकडे कोणी पाहिलं नाही.

बोळात येताच कौस्तुभने मास्तरांची वाट अडवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ती पडत होती! तुम्हाला येत होतं, आणि तुम्ही नुसते बसून राहिलात?"

"हं."

"मी वाजवलं नसतं तर?"

"तर पडली असती."

"आणि तुम्ही पडू दिलं असतं?"

मास्तरांनी पेटी उघडली.

"त्या माणसाने आपल्याला काय म्हटलं, ते मी विसरणार नाही," कौस्तुभ म्हणाला. "तुमच्यावरही मी चिडलोय. माझा राग गेलेला नाही, मास्तर."

मास्तरांनी क्लॅरिनेटचे भाग सुटे केले, एकेक करून पेटीत ठेवले.

"जाऊ देऊ नकोस," ते म्हणाले. "कामी येईल. हळू वाजवायला फार ताकद लागते."