माशीची माफी

एका राज्यात शेण कुजेनासं झालं. गोठ्याबाहेर पडे, वाळे, दगड होई. शेतांना खत मिळेना, पिकं पिवळी पडली. हे सगळं म्हाताऱ्या शहाण्यांनी केलेलं.

झालं असं. राज्याभिषेकाच्या वेळी राजा वज्रकेतूच्या नाकावर शेणमाशी बसली. मंत्र संपेपर्यंत राजाने हलायचं नाही, अशी तिथली रीत. प्रधान गुणनिधीने माशीवर हात उगारला. माशी उडाली, थप्पड राजाच्या गालावर बसली. लाज झाकायला प्रधान म्हणाला, "माशी अपशकुनी आहे." साऱ्या पांढऱ्या दाढ्यांनी माना डोलावल्या. मग जादूगार काळभुजंगाने राज्यातल्या शेणमाश्या तांब्याच्या घंटेत कोंडून ती डोंगरावर टांगली. माश्यांच्या अळ्या नाहीत, म्हणून शेण कुजेना.

राजकन्या मृगनयनेचा वेडा राघू, पोपट नव्हे, चिमणीएवढा हिरवा पक्षी, माश्यांवर जगे. एके सकाळी तो फांदीवरून खाली पडला.

"ताईसाहेब, पोट रिकामं आहे. उद्या बोलेन असं नाही."

तिने त्याला ओंजळीत घेतलं आणि घंटेचा डोंगर गाठला.

"माझ्याकडून हे खोटं सांगून करून घेतलं," जादूगार म्हणाला. "म्हणून माश्या सोडवायला तीन कामं. म्हशीचं ताजं शेण हातांनी आण. दुसरं, मी एक माशी सोडतो, तिला त्यात अंडी घालू दे. अळ्या वळवळेपर्यंत नजर काढू नकोस. तिसरं, थप्पड मारणाऱ्याने माशीची माफी मागावी."

म्हैस म्हणाली, "गरम आहे, बाई, सांभाळ." मृगनयनेने सांभाळलं. माशीने अंडी घातली, अळ्या निघाल्या, शेण आतून भुसभुशीत झालं. बघता बघता तिला ते आवडलंसुद्धा.

मग माशीला तळहातावर बसवून ती दरबारात आली.

"प्रधानजी, माफी मागा."

"या वयात? माशीपुढे वाकू?"

"हात उगारलात तेव्हा वय आडवं आलं नाही."

राजाने गाल चोळला. "गुणनिधी, थप्पड मला लागली होती. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून गप्प बसलो. आता वाका."

प्रधान कण्हत वाकला. "चूक माझी होती, माशीबाई."

"मान्य," माशी म्हणाली. "पण हा राघू आम्हाला खाणार."

"खाईल," मृगनयना म्हणाली.

"खाऊ दे. आम्ही पुष्कळ आहोत."

डोंगरावर घंटा आपोआप वाजली. माश्यांचा काळा ढग गोठ्यांवर उतरला. दगड मऊ झाले, शेतं हिरवी झाली. राघू इतका जेवला की त्याला उडवेना.

त्या दरबारात आजही राजाच्या नाकावर माशी बसली की प्रधान हात पाठीमागे बांधतो आणि सगळे थांबतात. तिचं झालं की ती उठते. मग कामकाज पुढे चालतं.