कासवाच्या पाठीवरचं नाव

आमच्या शेजारच्या रेवतीने महादेवाच्या सभामंडपासाठी लाकडी ठशावरून कासवाचं मोठं चित्र छापायला घेतलं. कित्येक महिने खपत होती पोर; मी खिडकीतून डोकावायचे, म्हणून माहीत. पण ट्रस्टचे अध्यक्ष आबासाहेब इंगवले अडून बसले. "कासवाच्या पाठीवर माझं नाव घाल, मोठ्या अक्षरात. नाहीतर चित्र लागणार नाही."

"घालते की," रेवती म्हणाली.

सगळ्यांसमोर पडदा सरला. डोकं-पाय आत ओढलेलं कासव, पण पाठ कोरी पांढरी. आबासाहेब भडकले, "अगं, नाव कुठंय?"

"पाठीवरच आहे, आबा. बोट फिरवून बघा."

त्यांनी बोट फिरवलं. अक्षरं हाताला लागली. रेवतीने ती शाई न लावता कागदात नुसती दाबून उमटवली होती.

"पण कुणाला दिसत नाही ना!"

"देवासमोरचं कासव म्हणजे सगळे मोह आत ओढून बसलेला भक्त, असं दर सोमवारी तुम्हीच सांगता. त्याने डोकंसुद्धा आत घेतलंय, मग तुमचं नाव एकटंच बाहेर कसं ठेवू?"

आबासाहेबांनी चित्राला हात जोडले आणि लोकांकडे वळून म्हणाले, "मीच सांगितलं होतं तिला, शाई लावू नकोस म्हणून."